पाणपोई कोणाची?

‘सरकारने पैसे दिले’ हे वाक्य आपण मराठीत फार सहजपणे उच्चारतो. शाळेची इमारत झाली, सरकारने पैसे दिले. रस्ता झाला, सरकारने पैसे दिले. तोच रस्ता पहिल्या पावसात वाहून गेला आणि पुन्हा झाला, तेव्हाही पैसे सरकारनेच दिले. जणू मंत्रालयाच्या मागच्या अंगणात एक कल्पवृक्ष लावलेला आहे आणि संबंधित खात्याच्या मंत्र्याने जाऊन त्याची फांदी हलवली की झाले!

एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला या वाक्यातली गंमत चटकन कळेल. तिथे थोरल्या काकांच्या मुलाला सायकल मिळाली, की ‘काकांनी सायकल दिली’ असे बाहेरची माणसे म्हणत. स्वयंपाकघरात मात्र सगळ्यांना ठाऊक असे, की त्या सायकलीपायी यंदा धाकटीचा फ्रॉक राहिला आणि आजीचा चष्मा पुढच्या महिन्यावर गेला. डबा एकच होता. त्यात कोणी किती घातले याचा हिशेब नव्हता, पण त्यातून कोणासाठी किती निघाले हे बायकांना बिनचूक माहीत असे. राज्याच्या तिजोरीला असे स्वयंपाकघर नाही, ही एक मोठीच उणीव आहे.

हा विचार डोक्यात यायला कारण झाले आमच्या भागातले चार्जिंग स्टेशन. विजेवर चालणाऱ्या मोटारी आता पुण्यात नवलाईच्या राहिल्या नाहीत. दुचाक्या तर गल्लोगल्ली दिसतात. त्यांना चारा-पाणी लागते ते विजेचे, आणि ते मिळण्याची सोय जागोजागी व्हावी म्हणून सरकार पैसे देते. २०१९ सालच्या एप्रिलात केंद्र सरकारच्या ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला तेव्हा तिच्यासाठी दहा हजार कोटी रुपये ठरले होते. त्यांतले एक हजार कोटी या चार्जिंगच्या सोयीसाठी होते. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांतूनच आठशे कोटी तीन सरकारी तेल कंपन्यांना मंजूर झाले, आपापल्या पंपांवर ७,४३२ चार्जिंग स्टेशने उभारण्यासाठी. पेट्रोल विकणाऱ्यानेच पेट्रोलच्या सवतीचे पाट मांडायचे! पण ते असो. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरपासून ‘पीएम ई-ड्राइव्ह’ नावाची योजना आली. तिच्यात चार्जिंगसाठी दोन हजार कोटी राखून ठेवले आहेत. आपल्या राज्याचे २०२५ चे धोरण म्हणते, की महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरांवर अशी सोय हवी. पंचवीस किलोमीटर म्हणजे पायी चालणाऱ्या माणसाची जवळजवळ एक मजल. धर्मशाळा अशाच अंतरावर असत.

आमच्या भागातले स्टेशन म्हणजे बागेच्या भिंतीलगत उभे केलेले, लोखंडी कपाटाएवढे एक पांढरे खोके. त्याला हत्तीच्या सोंडेसारखी जाड केबल. पुढे चार मोटारी उभ्या राहतील एवढी जागा आखलेली, आणि त्या जागेवर बहुधा पेट्रोलची मोटार उभी. भिंतीच्या टोकाला एक फुलवाली बसते. खोके बसवले त्या आठवड्यात तिने मला विचारले, “काका, ह्याच्यात माझा मोबाइल चार्ज होईल का हो?” मी म्हटले, “नाही, बाई. ते मोटारींचं आहे.” ती म्हणाली, “तरीच एवढं मोठं!” आणि पुन्हा शेवंतीच्या वेण्या करू लागली. तिच्या बोलण्यात तक्रार मुळीच नव्हती. पण ती बाई रोज साबण घेते, बिस्किटाचा पुडा घेते, पोराच्या वह्या आणि स्वतःच्या चपला घेते. यांतल्या पुष्कळ गोष्टींतून तिचा कर सरकारच्या डब्यात पडतो. मग त्या पांढऱ्या खोक्यातला एखादा खिळा तिचा आहे, असे म्हणायला हरकत नाही. आता प्रश्न असा, की जिला त्याचा उपयोग नाही तिच्या पैशाने हे खोके उभारणे न्याय्य आहे काय?

कोणी म्हणेल, यात विचार करण्यासारखे काय आहे? मूल नसलेला मनुष्यही शाळेचा कर देतो, कधी न चुकणारा मनुष्यही पोलिसांचा खर्च सोसतो. खरे आहे. सगळ्यांनी सगळ्यांसाठी भरावे, यालाच समाज म्हणतात. पण शाळेच्या दारात ‘ज्याच्याकडे दहा लाखांचे दप्तर असेल त्यानेच आत यावे’ अशी पाटी नसते. चार्जिंगच्या दारात ती पाटी आहे, फक्त ती कोणी लिहिलेली नाही.

माझे एक स्नेही या सोयीला ‘आधुनिक पाणपोई’ म्हणतात. उपमा सुरेख आहे, आणि सुरेख उपमांचे भय असते ते हेच, की त्या आपल्याला पुढचा विचार करू देत नाहीत. पाणपोईचे लक्षण काय? रांजणात पाणी आहे, वर लाल फडके आहे, शेजारी ओगराळे टांगले आहे. येणाऱ्याने ओंजळ पुढे करायची. तो पायी आला की घोड्यावरून, गावचा की परगावचा, हे कोणी विचारत नाही. तहान ही एकच पात्रता. (जातीचा विचार तिथेही होत असे, हे मी विसरलेलो नाही. पाण्याच्या बाबतीत आपल्या समाजाने महाडला १९२७ साली जे पाहिले ते विसरून पाणपोईचे गोडवे गाणे बरे नव्हे.) पण कल्पना म्हणून पाणपोई अशी आहे, की जिथे गरज आणि हक्क यांच्यामध्ये तिसरे काही नाही. चार्जिंग स्टेशनात मात्र गरज आणि हक्क यांच्यामध्ये एक अख्खी मोटार उभी आहे.

या देशात वाटसरूंच्या सोयीसाठी अहिल्याबाई होळकरांनी जेवढे केले तेवढे फार थोड्यांनी केले असेल. २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा त्यांच्या नावावर आहेत. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक हिशेबाची बाब. होळकरांकडे ‘दौलत’ निराळी होती आणि ‘खासगी’ निराळी होती. खासगी ही घराण्यातल्या स्त्रीच्या नावाने दिलेली जहागीर, आणि दौलत म्हणजे राज्य. दानधर्माचा खर्च अहिल्याबाई खासगीतून करीत. म्हणजे दुसऱ्या प्रांतातल्या देवळाला आणि घाटाला पैसे द्यायचे तर ते स्वतःच्या उत्पन्नातून द्यायचे, रयतेच्या दौलतीतून नव्हे. पुण्य करायचे तर स्वतःच्या पैशाने करावे, हा साधा विचार त्यात आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी, की जे दौलतीतून होते ते पुण्य नव्हेच, ते कर्तव्य असते. आणि कर्तव्याला हिशेब द्यावा लागतो. दानाला ‘कोणाला दिलेत?’ असे विचारणे उद्धटपणाचे ठरेल. राज्याच्या खर्चाला तसे न विचारणे हा भित्रेपणा होय. आमच्या बागेजवळच्या खोक्यावर एका लोकप्रतिनिधींचे नाव ‘यांच्या प्रयत्नातून’ अशा शब्दांनी रंगवले आहे. खासगी आणि दौलत यांची गल्लत म्हणतात ती हीच.

हा प्रश्न दिल्ली-मुंबईतच पडतो असे नाही. आमच्या सोसायटीच्या सभेतही तो येऊन बसला होता. वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर चौथा विषय होता, वाहनतळात सामायिक चार्जर बसवण्याचा. पाचवा विषय होता, रखवालदाराकडून झालेल्या विजेच्या गैरवापराचा. दोन विषय असे एकाखाली एक आले हा केवळ योगायोग, पण योगायोगही कधी कधी मोठा तर्कशास्त्री असतो.

चौथ्या विषयावर फारसे कोणी बोलले नाही. सेक्रेटरींनी टिपण वाचले: पाच जणांकडे विजेच्या मोटारी आहेत, आणखी काही जण घेणार आहेत. मुख्य लाइनीवरचा भार वाढवून घ्यावा लागेल, केबल टाकावी लागेल. त्याचा खर्च सोसायटीच्या निधीतून व्हावा, आणि विजेचे युनिट ज्याचे त्याने भरावेत. सरकारी सवलत कुठे मिळते का तेही पाहता येईल. एका सदस्याने, चार्जर आला की सदनिकांच्या किमती वाढतात, असे सांगितले. हे ऐकताच सभेत पर्यावरणाविषयी एकदम आस्था उत्पन्न झाली.

मग पाचवा विषय आला. जुलैत धो धो पाऊस पडत असताना, जेवणाचे डबे घरपोच आणणारा एक मुलगा आमच्या फाटकाशी अडकला. त्याच्या विजेच्या स्कूटरची बॅटरी संपली होती. रखवालदाराने त्याला पंपघरातल्या प्लगवर तासभर ती लावू दिली. पुढे तो मुलगा अधूनमधून येऊ लागला. खजिनदारांच्या ते ध्यानात आले. ते म्हणाले, “ही सरळ सरळ चोरी आहे. सामायिक मीटर आहे तो. उद्या सगळे येतील.”

मी विचारले, “एका वेळी किती वीज लागते त्याला?”

दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर म्हणाले, “पूर्ण भरली तर तीनेक युनिट. तीस-पस्तीस रुपये धरा.”

“आणि चौथ्या विषयात आपण आता जो खर्च मंजूर केला, त्यात मोटार नसलेल्या घरांचा वाटा किती?”

सेक्रेटरी कागद चाळू लागले. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू बोलल्या. त्या एकट्या राहतात, त्यांच्याकडे दोन चाकांचे काय नि चार चाकांचे काय, कोणतेच वाहन नाही. त्या म्हणाल्या, “अहो, त्या चार्जरला माझी वर्गणी चालते ना? मग माझ्या वाटची वीज त्या पोराला द्या. मोटार मला घ्यायची नाही. डबा मात्र तोच आणतो.”

सभा हसली. चेअरमन समजुतीच्या सुरात म्हणाले, “काकू, तुमची भावना पोचली. पण नियमात बसत नाही हो.”

खजिनदारांची बाजू मी मुद्दाम नीट मांडतो, कारण ते सज्जन गृहस्थ आहेत, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू परस्पर देण्याचा अधिकार रखवालदाराला नव्हता. तीस रुपये असोत की तीस लाख, संमतीवाचून घेतले ते घेतले. चार्जरचा खर्च मोठा खरा, पण तो सभेपुढे आला, त्यावर हात वर झाले, इतिवृत्तात नोंद झाली. लोकशाहीचा अर्थच असा, की मोठी गोष्टही विचारून केली की चालते आणि लहान गोष्टही न विचारता केली की चालत नाही. हे मला मान्य आहे. मला खटकले ते निराळेच. संमती मागण्याची सोय कोणाला होती? त्या मुलाला सभेत बसता येत नाही. त्याची गरज कोणत्याही विषयपत्रिकेवर येऊ शकत नाही, ती फक्त प्लगवर येऊ शकते. शिवाय, त्या प्लगजवळ एक लहान मीटर लावावा आणि येईल त्या मुलाकडून युनिटमागे पैसे घ्यावेत, ही साधी गोष्ट चाळीस शहाण्या घरांपैकी एकालाही सुचली नव्हती. आम्ही त्याच्याकडे चोर म्हणून पाहिले, काकूंनी गरजू म्हणून पाहिले. गिऱ्हाईक म्हणून मात्र कोणीच पाहिले नाही. मी तशी सूचना मांडली, ती ‘पुढील सभेत विचारार्थ’ गेली. पंपघराच्या प्लगवर झाकण बसले आणि झाकणाला कुलूप.

सोसायटीच्या जागी राज्य ठेवा आणि विचार करा. ज्याला अर्ज लिहिता येतो, त्याच्या गरजेला ‘पायाभूत सुविधा’ म्हणतात. विजेच्या रिक्षा चालवणारे, हातगाडीला मोटर बसवणारे, डबे पोचवणारे दिवसाला मोटारवाल्याच्या कितीतरी पट अधिक फिरतात. बॅटरी त्यांचीच आधी संपते आणि त्यांच्या घरी वाहनतळ नसतो. चाळीत वा वस्तीत राहणारा रिक्षावाला रात्री वायर लावणार कुठे? घरात लावायची तर रिक्षा आत येत नाही, बाहेर लावायची तर वायर रस्त्यावरून न्यावी लागते. विलायतेतसुद्धा हाच पेच आहे. ज्याच्या घरापुढे स्वतःचे अंगण, तो स्वस्तात मोटार भरतो. ज्याला रस्त्यावर मोटार लावावी लागते, त्याला महागात पडते. घरच्या विजेवर पाच टक्के कर आणि रस्त्यावरच्या चार्जरवर वीस टक्के, असा भेद तिकडे कित्येक वर्षे चालत आला. गरिबी महाग असते, हे इंग्रजांनाही आता विजेच्या मोटारीने शिकवले.

तर मग सरकारने हे पैसे देऊच नयेत काय? काही मंडळी तसे म्हणतात: ज्याला मोटार हवी त्याने चार्जर बांधावा. ऐकायला हे ठसठशीत वाटते. पण या युक्तिवादाने आगगाडीही कधी आली नसती.

आगगाडीची गोष्ट या प्रश्नाला फार जवळची आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळेतली पोरेही सांगतील. ती कोणाच्या पैशाने गेली हे मात्र सहसा सांगितले जात नाही. भांडवल विलायतेतल्या भागीदारांचे होते, पण त्या भांडवलावर शेकडा पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. गाडीला तेवढे उत्पन्न झाले नाही तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची. त्या महसुलाचा मोठा भाग म्हणजे शेतसारा. ज्या कुणब्याने जन्मात गाडी पाहिली नव्हती, तो लंडनच्या भागीदाराला व्याज भरत होता. दादाभाई नौरोजींनी आणि त्या पिढीच्या विचारवंतांनी या व्यवहारावर कठोर टीका केली, आणि ती रास्तच होती. हमी होती म्हणून कंपन्यांनी काटकसर केली नाही. तोटा आपला नव्हे म्हटल्यावर कोण कशाला करील?

पण पुढे एक गोष्ट घडली. हिंदी मनुष्य गाडीत बसेल की नाही, जातिभेद आणि दारिद्र्य त्याला बसू देईल की नाही, अशी शंका साहेबाला होती. आणि हिंदी मनुष्य बसला, तो असा बसला की टपावरही जागा उरली नाही! उतारूंची फार मोठी संख्या आणि उतारूंच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा तिसऱ्या वर्गाकडून येऊ लागला. त्या वर्गाचे हाल काय होते ते गांधीजींनी १९१७ साली लिहून ठेवले आहे. हाल होते, पण वर्ग होता. पंढरीचा वारकरी, मुंबईच्या गिरणीत चाललेला कोकणी, माहेरी निघालेली सून यांना त्या गाडीत शिरायला दार होते. शेतकऱ्याने अन्यायाने भरलेल्या पैशाची थोडीफार परतफेड त्या दारातून झाली, असे मला वाटते. अन्याय न्याय्य ठरला असे मी म्हणत नाही. परतफेडीची वाट उघडी राहिली, एवढेच.

म्हणून चार्जिंगच्या सरकारी खर्चाविषयी मी पहिला प्रश्न विचारीन तो असा, की या गाडीला तिसरा वर्ग आहे का? आणि गंमत म्हणजे, कागदावर तो आहे. ‘पीएम ई-ड्राइव्ह’च्या आराखड्यात मोटारींसाठी २२,१०० चार्जर आहेत, बसगाड्यांसाठी १,८०० आणि दुचाकी-तिचाकींसाठी ४८,४००. हे आकडे पाहून मला बरे वाटले. कोणीतरी, कुठल्या तरी कचेरीत, रिक्षावाल्याची आठवण ठेवलेली दिसते. आता हे अठ्ठेचाळीस हजार चारशे कुठे उभे राहतात हे पाहिले पाहिजे. रिक्षाथांब्याजवळ, भाजीबाजाराच्या मागे, वस्तीच्या तोंडाशी उभे राहतात, की जिथे फोटो चांगला येतो तिथे? आणि उभे राहिल्यावर त्यांत वीज येते का? कारण खांब उभारणे सोपे असते. खरा खर्च असतो त्याच्या मागच्या ट्रान्स्फॉर्मरचा, केबलचा आणि जोडणीचा, आणि तो उद्घाटनाच्या फितीला दिसत नाही. नवीन नियमांत या मागच्या कामासाठीही शेकडा ऐंशीपर्यंत, आणि सर्वांना खुल्या असलेल्या सरकारी आवारांत तर पूर्ण अनुदान ठेवले आहे, ही मला शहाणपणाची गोष्ट वाटते. ‘सर्वांना खुल्या’ हे शब्द मात्र मी दोनदा वाचले.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. विजेच्या मोटारीने हवा स्वच्छ होते आणि हवा तर फुलवालीचीही आहे. तेव्हा तिचा खिळा वाया गेला नाही, असे उत्तर हमखास मिळते. ते बव्हंशी खरे आहे. बागेच्या भिंतीशी दिवसभर बसणाऱ्या त्या बाईइतका धूर मोटारीच्या आत काचा लावून बसणारा मनुष्य खात नाही. धुराच्या नळ्या कमी झाल्या तर पहिला लाभ तिचाच. शिवाय पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो, विजेच्या मोटारीत बॅटरीतली बहुतेक शक्ती चाकाला मिळते. इतकेच काय, बोरघाट उतरताना ही गाडी चार पैसे परत जमा करते!

पण वीज येते कुठून? आपल्या महाराष्ट्रात तिचा मोठा भाग अजून कोळशातून येतो. चंद्रपूरच्या वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तिथल्या चिमण्यांचा धूर पुण्याच्या फुलवालीच्या डोळ्यांत जात नाही, तो चंद्रपूरच्या फुलवालीच्या डोळ्यांत जातो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरची गणना देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांत केली होती. पुण्यातली मोटार निर्धूर झाली याचा एक अर्थ असा, की धूर सहा-सातशे किलोमीटर दूर नेऊन ठेवला. सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाढते आहे, तसा हा दोष कमी होत जाईल, हे मला ठाऊक आहे. तरी आज चंद्रपूरच्या माणसाने ‘तुमच्या स्वच्छ हवेची किंमत माझ्या खात्यावर का?’ असे विचारले, तर त्याला काय सांगायचे?

हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. १९२१ सालच्या रामनवमीला मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला तो याच प्रश्नावरून. मुंबईला वीज हवी होती. तिच्यासाठी नीला-मुळा खोऱ्यातली भातखाचरे पाण्याखाली जायची होती. सेनापती बापटांनी त्या लढ्यात तुरुंगवास सोसला. धरण झालेच. सह्याद्रीवरचे पाणी भिऱ्याला खाली पडले आणि मुंबईचे दिवे लागले. मुळशीकर म्हणत होते ते एवढेच, की मुंबईच्या उजेडाचा हिशेब करताना आमचा अंधारही खर्चाच्या रकान्यात लिहा. तो लिहिला गेला नाही. विजेला रंग नसतो, वास नसतो. प्लगमधून ती येते तेव्हा ती कोणाच्या खाचरावरून आली हे तिच्यावर उमटलेले नसते. पेट्रोल निदान हाताला वास तरी ठेवून जाते.

या सगळ्यानंतर माझे मत विचाराल तर ते असे. सरकारने पैसे द्यावेत. विहीर आधी की वस्ती आधी, या वादात कोणीतरी पहिली कुदळ मारावीच लागते, आणि नफा दिसेपर्यंत खासगी मनुष्य ती मारणार नाही. पण पंगतीचा क्रम असावा. आधी बस, कारण एका चार्जरवर चाळीस-पन्नास माणसे जेवतात. मग रिक्षा, टेंपो, डबेवाल्या मुलांच्या स्कूटरी, कारण त्यांचे पोट चाकावर आहे. मग रुग्णालये, बाजार, स्टँड यांजवळची सर्वांना खुली ठिकाणे. आणि घरच्या वाहनतळात स्वतःची मोटार लावणारे, म्हणजे माझ्या सोसायटीतली सुखवस्तू मंडळी, यांनी आपला चार्जर आपल्या पैशाने बांधावा. सरकारने त्यांना जोडणी लवकर द्यावी, एवढी मदत पुष्कळ झाली. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धी महामार्गावर आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ केला आहे. याचा हेतू मी समजू शकतो. पण वीस-पंचवीस लाखांची मोटार खोपोलीच्या वरून फुकट जाते आणि तिच्यामागचा नारायणगावच्या टोमॅटोचा डिझेल टेंपो पैसे मोजतो, हे दृश्य माझ्या गळ्याखाली उतरत नाही. बसलाही ती माफी आहे, ती मात्र मी आनंदाने देईन.

बसवरून एक गोष्ट सांगायची राहिली. १ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी नगरहून पुण्याला आली होती. त्यानंतर बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ ला, एस.टी.ची विजेवरची पहिली ‘शिवाई’ गाडी त्याच रस्त्यावर धावली, पुण्याहून नगरला. तिसरा वर्ग, तिसरा वर्ग म्हणून मी जे म्हणतो आहे, ते या गाडीइतके चांगले दुसरे कुठे दिसेल, असे मनात धरून मी एकदा मुद्दाम तिने गेलो. गाडी गार होती, हादरे नव्हते, आवाज नव्हता. स्टँडवर ती शेजारच्या जुन्या लाल गाडीजवळ उभी होती, तेव्हा लाल गाडीच्या घरघरीत आमचा वाहक काय म्हणतो तेही ऐकू येत नव्हते. सुटायच्या बेतात असताना एक आजीबाई पायरीवर चढल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात आधार कार्ड पुढे धरलेले.

“सुप्याला थांबती का रं बाबा?”

“न्हाई आजी,” वाहक म्हणाला, “ही थेट नगरची. मागून साधी येतीया, तिच्यात बसा.”

आजी आत वाकून क्षणभर त्या गार हवेत उभ्या राहिल्या. “बरी हाय गाडी,” म्हणाल्या, आणि दांडा धरून सावकाश खाली उतरल्या. दार आपोआप बंद झाले. गाडी आवाज न करता निघाली.